गेम खेळतो तसा बनवूयासुद्धा

मोबाईलवर गेम खेळलो की मोठी माणसे रागावतात. पण गेम बनवला तर रागवू नये, असे मला वाटते.

आपल्या शाळेच्या संगणकात स्क्रॅच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने ते २००७ साली मुलांसाठी आणले. ते फुकट आहे. एकदा संगणकात घातले की नेट नसले तरी चालते.

त्यात एक मांजर असते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे आणि हिरवा झेंडा दाबायचा. मग मांजर तसेच वागते. पडद्याच्या मधोमध शून्य असतो. उजवीकडे २४० पर्यंत जागा, वर १८० पर्यंत. म्हणजे हे गणितच की! 'उंदराला शिवले तर १ गुण दे' एवढेच सांगितले, तर संगणक एकदाच बघतो. 'सतत' हा ठोकळा बाहेरून लावला, की सारखा बघत राहतो. तो स्वतःच्या मनाने काहीच करत नाही. विचार आपल्यालाच करावा लागतो.

पण संगणक एकच. पुढे मुलगे बसतात, आम्ही मुली मागून बघतो. नुसते बघून सायकल येते का? म्हणून गुरुजींना व पालकांना विनंती आहे, की आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाचा नंबर लावावा. मुलींचासुद्धा!

– इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी