गोलरक्षकाची जागा

विद्यार्थिमित्रहो, फुटबॉलचे दोन संघ पाडतांना एक चमत्कारिक रीत आपल्या मैदानांवर दृष्टीस पडते. चपळ मुलें आघाडीस धांवतात आणि ज्यास कोणीच घेत नाहीं, अशा दुबळ्या मुलास गोलांत उभें केलें जातें. ती जागा म्हणजे जणूं शिक्षाच! ही रीत अन्यायाची आहे व ती मोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

स्वतःच्या गोलापुढील क्षेत्रांत चेंडू हातीं धरण्याचा अधिकार अकरा जणांत एकट्या गोलरक्षकास असतो. अधिकार मोठा, तशी जबाबदारीहि मोठी. आघाडीच्या गड्यानें दहा संधी दवडून अकरावी साधली, तर लोक त्यास खांद्यावर घेतात. गोलरक्षकानें दहा चेंडू अडवून अकरावा सोडला, तर तेवढाच सर्वांच्या ध्यानांत राहतो. असें काम दुबळ्याच्या गळ्यांत बांधणें शहाणपणाचें नव्हे.

गोमंतकाचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचें उदाहरण घ्या. वास्कोच्या साळगांवकर संघाचा गोल त्यांनीं दीर्घकाळ सांभाळला. पुढें भारताच्या संघाचें नायकत्वहि त्यांजकडे आलें. १९९७ सालचा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ सालीं पद्मश्री, हे मान त्यांस गोलरक्षक म्हणूनच लाभले.

इटलीचा जानलुइजी बुफॉन १९९५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, पार्मा संघांतून प्रथम मैदानांत उतरला व २००१ सालीं युव्हेंटसकडे गेला. २००६ सालीं इटलीनें विश्वचषक जिंकला, तेव्हां गोलांत तोच होता. त्याच वर्षीं अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनामुळें युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणींत ढकलण्यांत आलें. कांहीं नामांकित खेळाडू संघ सोडून गेले, बुफॉन राहिला. त्यानेंहि संघ बदलले, असें कोणी म्हणेल. खरें आहे; संघ बदलणें हा दोष नव्हे. मात्र पडत्या काळांत जो टिकतो, त्याचा मोल निराळाच. शेवटीं तो पार्मालाच परतला व २०२३ सालीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, निवृत्त झाला.

आतां पालकांस दोन शब्द. जळगांव-धुळ्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत दगडासारखी होते व तिला भेगा पडतात. तीवर अंग टाकणाऱ्या मुलाचीं कोपरें-गुडघे सोलून निघतात. म्हणून गोलापुढील जागा तरी खणून, पाणी घालून मऊ ठेवावी. चेंडू अडवून पोट भरतें काय, असें आपण विचाराल. बहुतेकांचें भरणार नाहीं. परंतु गोल झाल्यावर जो मुलगा जाळ्यांतील चेंडू स्वतः काढून पुन्हां ताठ उभा राहतो, तो परीक्षेंत एखादा विषय गेला तरी गुणपत्रिका लपवून घराबाहेर भटकणार नाहीं; ती आणून आपल्यापुढें ठेवील.

यास्तव मुलांनो, यापुढें संघ पाडतांना प्रथम गोलरक्षक निवडा, आणि तो आपणांतील उत्तम मुलगा असूं द्या.