तिच्या मुलांना कोण सांभाळतं?

मैत्रिणींनो, ऑस्लोच्या पंधरा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यात बाबागाड्या ढकलणारे बाप पाहून मी हरखले. नॉर्वेनं १९९३ सालीच बापांसाठी राखीव रजा आणली. आपल्या २०१७च्या दुरुस्तीनं आईची रजा २६ आठवड्यांवर नेली, बापाला काहीच दिलं नाही. हे सगळं मी अहवालात लिहिलं.

पण आमच्या वसतिगृहात संडास धुणारी बाई फिलिपाईन्सची. तिची दोन मुलं तिकडे आजीजवळ. हे कळलं शेवटच्या दिवशी, तिच्या-माझ्या मोडक्या इंग्रजीतून. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी आठवल्या. मी अभ्यास करायचे तेव्हा त्यांची मुलगी धाकट्याला सांभाळत घरी बसायची.

मार्गदर्शक म्हणतात, हे विषयाबाहेरचं. मला पटत नाही. अहवाल परत मागितलाय.