पैसा जनतेचा, संशोधन कोणासाठी?



रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पत्रिकेत बियाण्यांवर लेख कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, काका, मेहुणे आजही गावी शेती करतात. शिवाय आपल्या पगारातून कापला जाणारा आयकर आणि दुकानात मोजलेला जी.एस.टी. यांवरच सरकारी प्रयोगशाळा चालतात. त्या पैशाचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

येथे झाशीला ग्वाल्हेर रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली, केंद्र सरकारची चराई व चारा संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी गिनी गवतावर केलेले काम कामगारांनी समजून घेण्यासारखे आहे. या गवताच्या बियांतील गर्भ नर-मादीच्या मीलनाशिवाय तयार होतो व रोप हुबेहूब आईसारखे निघते. शास्त्रात याला अपोमिक्सिस म्हणतात. आज संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण घरचे बी पेरले की पिकाचे गुण विस्कटतात. गवताचा हा गुण संकरित पिकात उतरला तर शेतकरी घरचेच बी पुन्हा पेरील. २०१८ साली अमेरिकेत डेव्हिस येथील विद्यापीठात भातावर हे काही प्रमाणात साधले आहे. म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हे.

आता आमचा सवाल असा की, एकदा विकल्यावर दुसऱ्या वर्षी ज्याला गिऱ्हाईक राहणार नाही, अशा बियाण्यावर कोणती कंपनी पैसा घालील? एकही नाही! हे काम जनतेच्या पैशानेच व्हायला हवे.

पण तो पैसा किती आणि त्याची दिशा कोण ठरवतो? शेतीच्या उत्पन्नाचा एक टक्काही या देशात शेती संशोधनावर खर्च होत नाही. वेतन आणि पेन्शन दिल्यावर उरते ते थोडके. मग शास्त्रज्ञ प्रकल्पांच्या अनुदानामागे धावतात आणि अनुदान देणाऱ्याची आवड हीच संशोधनाची दिशा ठरते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीत शेतीच्या वतीने दोन बिगरसरकारी सभासद असतात. त्यांना शेतकरी निवडून देत नाहीत. परिषदेचे अध्यक्ष म्हणजे केंद्रीय कृषिमंत्री त्यांची नेमणूक करतात. युनियनचा प्रतिनिधी जर व्यवस्थापनाने नेमला तर आपण त्याला प्रतिनिधी म्हणू काय?

याउलट कंपन्यांना मानाचे पान मिळते. २००५ साली भारत-अमेरिका कृषी ज्ञान उपक्रमाच्या मंडळावर मोन्सॅन्टो व वॉलमार्टचे प्रतिनिधी बसले. २०१८ साली मोन्सॅन्टोला बायरने गिळले आणि २०२३ साली त्याच बायरशी परिषदेने सामंजस्य करार केला. खाउजाचा हा अस्सल नमुना आहे. रूळ, सिग्नल, स्टेशने जनतेची आणि नफा खासगी मालकाचा, हा डाव २०२० साली १५१ खासगी गाड्यांच्या योजनेत आपण पाहिलाच आहे.

परिणाम काय होतो ते विदर्भाला विचारा. २००२ साली बी.टी. कापूस आला तो दरवर्षी विकत घ्यायच्या संकरित वाणांतूनच. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला शेतकऱ्याने सोळाशे रुपयांहून अधिक मोजले. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले, तेव्हा कोठे ते ७५० वर आले. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी घरी राखता येणारे 'बिकानेरी नरमा बी.टी.' हे सरळ वाण काढले. ते २००९ साली शेतकऱ्यांच्या हाती आले, पण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाची भेसळ निघाल्याने बंद पडले. त्या गफलतीवर आम्ही पांघरूण घालणार नाही. पण आमचे म्हणणे असे की, ती गफलत सुधारून काम नेटाने पुढे न्यायला हवे होते. सात वर्षे उशिरा आलेले जनतेचे बियाणे एका हंगामात संपावे, ही साधी गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, कंपन्यांशिवाय पैसा आणणार कोठून? २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात पिकांच्या जनुक-संपादनासाठी ५०० कोटी रुपये निघालेच ना? म्हणजे मनात आणले की पैसा निघतो. आम्ही जैवतंत्रज्ञानाचे वैरी नाही. ते कोणाच्या शेतासाठी, एवढेच आम्ही विचारतो. बुंदेलखंडात चाऱ्याअभावी गुरे मोकाट सोडण्याची 'अन्ना प्रथा' आहे. ती गुरे गरिबाचेच उभे पीक खातात. चारा, तीळ, हरभरा, उडीद यांवरील संशोधनाला अग्रक्रम का नको?

म्हणून आमच्या मागण्या अशा: शेती संशोधनावरील सरकारी खर्च शेती उत्पन्नाच्या किमान एक टक्का करा. व्यवस्थापन समित्यांवर शेतकरी व शेतमजूर संघटनांनी निवडलेले प्रतिनिधी घ्या. कंपन्यांशी झालेला प्रत्येक करार शब्दशः जाहीर करा. आणि जनतेच्या पैशाने झालेले बियाणे जनतेच्याच मालकीचे ठेवा.

प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या सभेत हा ठराव मांडावा व तो आपल्या खासदारांकडे पाठवावा. मागितल्याशिवाय आपल्याला बोनस मिळाला नाही. शेतकऱ्यालाही त्याचे बियाणे मागितल्याशिवाय मिळणार नाही, आणि ती मागणी करताना आपण त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे असले पाहिजे.