मोघम बोलीचा महाग सौदा

व्यापारात नुकसान आले म्हणजे त्याचे कारण लबाडीत शोधण्याची आपल्या लोकांस फार सवय आहे. शेतकरी म्हणतो, व्यापाऱ्याने नाडले. व्यापारी म्हणतो, दलालाने शब्द फिरविला. दलाल म्हणतो, दिल्लीच्या आडत्याने माल उतरवून घेतल्यावर भाव पाडला. यांत लबाडी मुळीच नसते असे आमचे म्हणणे नाही. परंतु सावदा, रावेर, फैजपूर या टापूतील केळीच्या व्यापाराकडे शांत चित्ताने पाहणारास असे आढळून येईल की, पुष्कळशा तंट्यांच्या मुळाशी लबाडी नसून मोघमपणा असतो. सौदा झाला त्या वेळी दोघांच्या मनात दोन निरनिराळे माल होते, आणि ही गोष्ट माल गाडीतून उतरेपर्यंत कोणाच्याच ध्यानात आली नाही. लबाडावर इलाज करावयास कायदा व पोलीस आहेत. मोघमपणावर इलाज करावयाचा तो मात्र आपला आपणच केला पाहिजे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्याकडील सौदा कसा होतो ते पाहा. बाग उभी असते. खरेदीदार किंवा त्याचा माणूस येऊन ती नजरेखालून घालतो. त्या दिवशीचा जाहीर भाव काय याची विचारपूस होते आणि टेलिफोनवर दोन शब्द बोलून कापणी ठरते. नवती, पिलबाग, कांदेबाग ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. पण ही नावे बागेचा वृत्तांत सांगतात, फळाची प्रत सांगत नाहीत. नवती म्हटल्याने बाग पहिल्या पिकाची आहे एवढे कळले. फळ किती लांब, किती भरलेले, सालीवर डाग किती, घडास फण्या किती, हे त्यातून कळत नाही. हलक्या मालास वापसी म्हणतात. परंतु चांगला माल कोठे संपतो आणि हलका कोठे सुरू होतो ती रेषा बहुधा खरेदीदाराच्या नजरेत असते, कागदावर नसते. घडाच्या दांड्याचे वजन धरावयाचे की वजा घालावयाचे, तोलाई-हमाली कोणी सोसावयाची, पैसे कोणत्या दिवशी द्यावयाचे, हे प्रश्नही पुष्कळदा घड कापून झाल्यावर निघतात. कापलेला घड पुन्हा झाडास लागत नाही. त्या क्षणी शेतकऱ्याची बाजू लंगडी झालेली असते, आणि मग भाव जाहीर एक व हातात दुसरा अशी तक्रार उत्पन्न होते.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकासही घडते. सावद्याहून दिल्ली हजार किलोमीटरांहून अधिक दूर. केळी कच्ची कापून धाडावयाची व तिकडे वखारीत पिकवावयाची, असा हा धंदा आहे. वाटेत उष्णतेने फळ पिवळे पडू लागले, किंवा शीतपेटीत उष्णमान सुमारे १३ अंशांच्या खाली जाऊन साल काळवंडली, तर तो दोष कापणाराचा, वाहणाराचा की पिकविणाराचा? माल निघतेवेळी कसा होता याची टिपणी कोणी केलेली नसेल, तर ज्याच्या हातात माल व पैसा दोन्ही आहेत त्याचेच म्हणणे खरे ठरते, आणि सावद्याचा व्यापारी मुकाट्याने तूट सोसतो. पुढच्या खेपेस तीच तूट तो शेतकऱ्याच्या भावातून वसूल करतो. असे हे एकाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर सरकत जाते व शेवटी जो सर्वांत दुर्बळ त्याच्या पाठीवर स्थिरावते.

आपल्या देशाच्या कराराच्या कायद्यात, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात, संमतीची व्याख्या दिली आहे. दोन पक्ष एकाच गोष्टीस एकाच अर्थाने कबूल झाले म्हणजे संमती झाली, असा तिचा आशय आहे. व्यापाराचे अर्धे शहाणपण या एका वाक्यात आले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाही. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याने आणखी स्पष्ट केले आहे की, वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनास उतरला पाहिजे, आणि नमुना दाखवून विकला तर सगळा माल नमुन्यासारखा असला पाहिजे. पण वर्णनच केले नसेल तर माल उतरावयाचा कशास? न्यायाधीशासमोर शब्द मांडता येतात, मनातली समजूत मांडता येत नाही.

खानदेशास हा धडा नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसास सोन्याचे मोल आले. त्या वेळी आपल्या लोकांनी काय केले? गठ्ठ्यात सरकी, माती, ओलावा व हलका कापूस मिसळून वजन वाढविले. विलायतेत ‘सुरती’ हा शब्दच हलक्या मालाचा पर्याय होऊन बसला. सरकारने १८६३ साली कापसातील भेसळ बंद करण्यासाठी खास कायदा केला व तपासनीस नेमले. पण व्यापाऱ्यांस तो जाच वाटला व काही वर्षांनी तो रद्द झाला. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा येऊ लागला, आणि गिऱ्हाईक जुन्या पेढीकडे परत वळले. चार वर्षांच्या तेजीत मिळविलेला पैसा कोठच्या कोठे गेला. गमावलेली पत मात्र पुढे फार दिवस जाचत राहिली. १९२३ साली कापसाच्या वाहतुकीचा व १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला, आणि प्रत्येक गाठीवर ती दाबणाऱ्या प्रेसची खूण घालणे भाग पडले, तेव्हा कोठे गाठ कोणाची हे सांगता येऊ लागले. मालावर करणाराची खूण असली म्हणजे हात आपोआप सावध होतो.

बाजारातही सुधारणा अशाच झाल्या. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत नियंत्रित बाजारांनी मोडून काढली व उघड लिलाव आणले. गावोगावचा मण निराळा होता; १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅमचे एक माप देशभर लागू करण्याची सोय केली. परंतु २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला यांचा बाजार-आवाराबाहेरील व्यवहार बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला. केळी तर बहुतेक बांधावरच विकली जाते. नियमन गेले त्यात स्वातंत्र्य आले हे खरे. पण ज्या सौद्यावर बाहेरचा पहारा नाही त्यात दोघांनी आपला लेख अधिक चोख ठेवावयास नको काय? नाहीतर रुमाल गेला आणि त्याच्या जागी टेलिफोन आला, एवढाच फरक व्हावयाचा.

केवळ माल चांगला असून भागत नाही, गिऱ्हाइकास काय पाहिजे ते नेमके ठाऊक असावे लागते, याचा दाखला २०१० साली आपल्या द्राक्षांनी दिला. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक औषधाचा अंश मर्यादेहून अधिक निघाला व माल अडकून पडला. तत्पूर्वी त्या द्राक्षांची आपल्याकडे तपासणी झाली नव्हती असे नाही. परंतु ज्या औषधांची तपासणी करावयाची त्यांच्या आपल्या यादीत त्याचे नावच नव्हते. घेणाराच्या यादीत जे होते ते देणाराच्या यादीत नव्हते, आणि या एका ओळीच्या अंतराने बागाईतदारांस जबर ठोकर बसली. पुढे ती यादी सुधारली गेली. पण सुधारणेची किंमत आधी मोजावी लागली.

आता केळीकडे वळू. ‘जळगाव केळी’ या नावास २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. ती रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे, आणि त्याच तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी २०२१ साली दुबईस रवाना झाली. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु नाव नोंदविल्याने जबाबदारी वाढते, कमी होत नाही. हे नाव कोण्या एका पेढीचे नाही. ते सर्व टापूचे सामाईक धन आहे, आणि एकाने वाईट पेटी पाठविली तर बट्टा सर्वांस लागतो. युरोपीय संघाने १९९४ साली केळीची मापे ठरविली. फळ किमान १४ सेंटीमीटर लांब व २७ मिलिमीटर जाड असावे, असा नियम केला. वाकड्या केळ्यांचा कायदा म्हणून त्याची पुष्कळ थट्टा झाली. पण ज्याच्या हातात मोजपट्टी आहे त्या शेतकऱ्यास आपला माल कोणत्या वर्गाचा हे खरेदीदारास विचारावे लागत नाही, हा त्या थट्टेमागील लाभ आपण ओळखला पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सावदा व रावेर येथील व्यापारी व बागाईतदार यांनी एकत्र बसून केळीच्या तीन प्रती ठरवाव्या. प्रत्येकीची लांबी, जाडी, भरणी व डागांची मर्यादा आकड्यांनी लिहावी, आणि तो फलक बाजारात, वजनकाट्याजवळ व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. भाव जाहीर करावयाचा तो प्रतीवार करावा. कापणीपूर्वी दोन प्रतींत चिठ्ठी व्हावी. तीत तारीख, प्रत, भाव, दांड्याचा हिशेब, हमाली व पैसे देण्याचा दिवस एवढे असावे आणि दोघांच्या सह्या असाव्या. गाडी निघतेवेळी मालाचे छायाचित्र घ्यावे. दूरच्या आडत्याशी आधीच ठरवावे की, तक्रार असल्यास माल उतरल्यापासून अमुक तासांत छायाचित्रासह कळवावी. मागाहून आलेली ऐकली जाणार नाही. फळ कशाने पिकवावयाचे हेही लिहावे. कार्बाइडने पिकविण्यास कायद्याने बंदी आहे व इथिलीन वायूस ठराविक मर्यादेत मुभा आहे. कोणी पावडरीने पिकविले तर त्याचे खापर सावद्यावर फुटू नये.

यावर दोन आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला, इतके लिहीत बसावयास हंगामात वेळ कोणास आहे? चिठ्ठी लिहावयास पाच मिनिटे लागतात. तंटा मिटवावयास पाच महिने. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आमचा धंदा विश्वासावर चालतो, लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे पुष्कळ सद्गृहस्थ मनापासून समजतात. त्यांस आम्ही आपल्याच पूर्वजांच्या हुंडीकडे बोट दाखवितो. हुंडी लिहिताना सावकार रक्कम लिही, तिची निम्मी लिही, आणि निम्मीची दुप्पट म्हणून पुन्हा तीच रक्कम लिही. समोरचा त्याच्या घरोब्यातला असला तरी त्यात खंड पडत नसे. त्या पेढ्यांची पत शेकडो कोसांवर चालली ती न लिहिता नव्हे, तर चोख लिहून. विश्वास हा लेखाचा शत्रू नाही; लेख हे विश्वासाचे कुंपण आहे. स्नेह्याशी लिहून सौदा केला म्हणजे स्नेह व सौदा दोन्ही टिकतात.

या कामी पुढाकार व्यापाऱ्यांनीच घ्यावा असे आम्हांस वाटते. शेतकऱ्याचा माल नाशवंत व गरज तातडीची. अटी लिहून दे म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी बहुधा नसते. ज्याच्या हाती तराजू आहे त्याने प्रथम तो उघड्यावर धरावा, हाच न्याय. सावद्याच्या जमिनीत, पाण्यात व कुणब्याच्या मेहनतीत काही उणे नाही. उणे आहे ते शब्दांत. चार पेढ्यांनी येत्या हंगामापासून प्रतीचा फलक लावला व चिठ्ठीवाचून कोयता चालू दिला नाही, तर इतरांस त्यांच्या मागे यावे लागेल; कारण शेतकरी आपला घड जेथे हिशेब वाचता येतो तेथेच नेईल. कापसाच्या वेळी हे शहाणपण आपणांस साठ वर्षे उशिरा आले. केळीच्या बाबतीत तितका अवधी गिऱ्हाईक देणार नाही.