व्यसनाची लाज आणि उपचाराची वाट

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा माकणीच्या पंचक्रोशीत कोणत्याही घराने आपले दुःख लपविले नाही. कोसळलेली भिंत साऱ्यांना दिसत होती. म्हणूनच मदतीचे हात दुरूनदुरून धावून आले. व्यसनाने होणारी पडझड मात्र बंद दाराआड होते, आणि घरातील माणसेच ते दार आतून लावून घेतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये याच धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी येथे पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजे बोलीतले 'एमडी', पकडले. पुढील तपासात आरोपींची संख्या तीसच्या वर गेली. आरोपांचा निवाडा न्यायालय करीलच. पण मुंबई-पुण्याचे मानले गेलेले हे विष भवानीमातेच्या तीर्थक्षेत्री पोहोचले, एवढे निश्चित. ते निम्न तेरणा धरणाच्या काठावरील माकणीला वळसा घालून जाईल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

विक्रेत्यांना कठोर शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु जो तरुण या पाशात सापडला, त्याचे काय? रसायनाने मिळणारी उसनी तरतरी ओसरली, की निद्रानाश, संशय आणि विषण्णता मागे उरते. ती टाळण्यासाठी तो पुन्हा त्याच पुडीकडे वळतो. हा केवळ दुर्वर्तनाचा नव्हे, तर आजाराचा क्रम आहे. कायद्यानेही हे ओळखले आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. कायद्याने उघडलेले हे दार लोकलज्जेने बंद राहावे, हे दुर्दैव होय.

लज्जेची किंमत मोठी आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या अधीन झालेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी साहाय्य मिळाले होते. व्यसनी मनुष्य सावरू शकतो, हे पुण्याचे 'मुक्तांगण' 1986 पासून दाखवीत आले आहे. पण माकणीच्या शेतमजुराने मुलाला घेऊन पुण्यास जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. उपचार व समुपदेशन तालुक्याच्या रुग्णालयात मिळाले पाहिजे. तोवर 14446 हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा.

शिक्षकांची जबाबदारी येथेच सुरू होते. हुशार मुलगा एकाएकी वर्ग चुकवू लागला, पैशाविषयी खोटे बोलू लागला, तर त्याचे नाव शाळेतून कमी करण्याची घाई करू नये. आधी त्याच्या पालकांना विश्वासात घ्यावे. ढिगाऱ्याखालील माणसाला कोणी त्याचा दोष विचारला नव्हता. त्याला आधी बाहेर काढले होते.