कोठीची यादी आणि पहारेकरी

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या चार दिवस घरीं आला होता. एका कचेरींतील संगणकांचा कारभार तो पाहतो. नरकचतुर्दशीच्या पहांटे अंगास तेल लावून झालें, तोंच तो उठून संगणकापाशीं जाऊन बसला. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, सणासुदीला कसला हा पहारा?" त्यानें उत्तर दिलें, "आजी, यंत्राला सण नसतो. चोराला मात्र सणच सोयीचा!" हें उत्तर आम्हांस मननीय वाटलें, म्हणून तोच विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहून अनेकांची मागणी पुरविणारा संगणक. बँकेचे हिशेब, रेल्वेचीं तिकिटें हीं सर्व त्याच्याच भरंवशावर असतात. त्याची नाडी रोज पाहावी लागते: प्रोसेसरवर भार किती, मेमरी पुरते कीं नाहीं, डिस्कवर जागा किती उरली. यंत्र आपल्या कामाचीं टिपणें स्वतःच लिहून ठेवीत असतें. जुनीं टिपणें वेळेवर काढलीं नाहींत, तर त्यांनींच डिस्क भरते आणि एखाद्या मध्यरात्रीं नवा व्यवहार लिहावयास जागाच उरत नाहीं.

परंतु नाडी पाहणें हें अर्धेंच काम होय. यंत्रावर सॉफ्टवेअरचे कोणकोणते घटक बसविले आहेत, प्रत्येकाची आवृत्ति कोणती व तो कोणाच्या जबाबदारींत आहे, याची ताजी यादीही हवी. कोठींत काय आहे हेंच जिला ठाऊक नाहीं, त्या गृहिणीस कोणत्या डब्याला कीड लागली हें कसें कळावें?

या हयगयीचें कडू फळ २०१७ सालीं अमेरिकेंत दिसून आलें. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या एका संकेतस्थळांत अपाची स्ट्रट्स नांवाचा घटक होता. त्यांतील गंभीर दोष मार्चच्या आरंभीं जाहीर झाला व दुरुस्तीही उपलब्ध झाली. सरकारी सूचना आली, ती कंपनींत फिरविलीही गेली. पण पत्त्यांची यादी जुनी असल्यामुळें ज्यांनीं दुरुस्ती करावयाची त्यांच्या हातीं ती पडलीच नाहीं! मागाहून झालेल्या तपासणींतही हा घटक सांपडला नाहीं. मे महिन्यांत चोर आंत शिरले, ते जुलैअखेरपर्यंत राहिले.

तेथें पहारा नव्हता असें नाहीं. जाणाऱ्या-येणाऱ्या सांकेतिक मजकुराची झडती घेणारें यंत्र होतें. पण त्यास लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वींच संपली होती. सारें न तपासतांच पुढें जात होतें. २९ जुलै रोजीं प्रमाणपत्र बदलतांच संशयास्पद ये-जा दृष्टीस पडली. एकंदर सुमारें १४ कोटी ७० लक्ष माणसांची खाजगी माहिती चोरांच्या हातीं गेली.

पहारेकरी ओरडला नाहीं म्हणजे चोर आला नाहीं, असें आपण समजतों. तो कदाचित् झोंपलाही असेल. म्हणून आमचा पुतण्या मधून मधून मुद्दाम धोक्याची खोटी सूचना सोडतो व ती आपणांस पोहोंचते कीं नाहीं हें पाहतो.

वाचकांनींही येत्या रविवारीं मुलांस जवळ बसवून घरांतील यंत्रांची यादी करावी. राउटर, मोबाइल, जुना संगणक, कांहीं वगळूं नये. ज्या मोबाइलला कंपनीच्या दुरुस्त्या येणें बंद झालें आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करूं नयेत. आणि छायाचित्रांची दुसरी प्रत आहे असें जो म्हणेल, त्यानें तींतील अलीकडचें एक छायाचित्र उघडून दाखवावें.

आम्हीं हें करून पाहिलें, तेव्हां आमची प्रत ११ महिन्यांपूर्वींच थांबलेली आढळली. मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं सर्व छायाचित्रें एकाच जुन्या मोबाइलमध्यें उरलीं होतीं. पुतण्यानें त्याच रात्रीं त्यांची दुसरी प्रत करून दिली. भाऊबीजेच्या पहांटे तो पुन्हां संगणकापाशीं बसला, तेव्हां मातोश्रींनींच त्याच्यापुढें चहाचा पेला नेऊन ठेवला.