थप्पी, चिठ्ठी आणि डीबगर

दिवाळीत नातू घरी आला होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला आणि कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते, याची यादी डीबगरने दाखवली. मी विचारले, "ही यादी त्याला कळली कशी?"

"आजोबा, त्याला माहीतच असते. आणि हे मराठीत सांगता येत नाही."

पहिले वाक्य चूक, दुसरे त्याहून चूक! मी साधा बी.ए., तोही मराठी माध्यमाचा. महिनाभर डोके घातले. आता मराठीतच सांगतो.

आपल्या गोंदियाच्या राईस मिलमधली धानाच्या पोत्यांची थप्पी सर्वांनी पाहिली आहे. शेवटी ठेवलेले पोते आधी निघते. स्टॅक म्हणजे हीच थप्पी. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावले की वर एक पोते चढते, ती फ्रेम. त्यात खालच्या फ्रेमचा पत्ता आणि कुठून बोलावणे आले याची चिठ्ठी असते. डीबगर एकेक चिठ्ठी वाचत खाली उतरतो. त्याने काही डोळ्यांनी पाहिलेले नसते. तो मागाहून पंचनामा करतो!

आता 'अजित' घ्या. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी घडवलेला हा प्रोसेसर २०१९ साली बातम्यांत गाजला. त्याची रचना स्पार्क व्ही-८ची. तीत फंक्शनला एका वेळी ३२ रजिस्टर दिसतात : ८ सामाईक, ८ आत येणारे, ८ स्वतःचे, ८ बाहेर जाणारे. बोलावणाऱ्याचे 'बाहेर'चे तेच बोलावलेल्याचे 'आत'चे. अशा खिडक्या मोजक्याच, २ ते ३२. त्या भरल्या की सर्वांत जुन्या खिडकीतले १६ रजिस्टर मेमरीतल्या थप्पीत ठेवतात.

म्हणजे जुन्या चिठ्ठ्या थप्पीत आणि ताज्या अजून चिपमध्येच! यादी करण्याआधी त्या खिडक्या थप्पीत उतरवाव्या लागतात. नाही तर डीबगर थप्पीतली शिळी चिठ्ठी खरी मानून वाचेल. शिवाय काही लहान फंक्शने नवी खिडकी घेतच नाहीत, बोलावणाऱ्याच्याच खिडकीत काम उरकतात. त्यांची चिठ्ठी वेगळ्या रजिस्टरमध्ये असते, तीही ओळखावी लागते. आणि प्रोग्रॅमनेच अॅरेची हद्द ओलांडून थप्पीतली चिठ्ठी खोडली असेल, तर डीबगर भलतीच नावे सांगतो किंवा वाटेतच थांबतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, रोजच्या कामात यादी बरोबरच असते, नोकरीला एवढे पुरते. मान्य. रोज बरोबर असते म्हणूनच तर ती चुकते त्या दिवशी मुलगा निर्दोष फंक्शनच्या मागे रात्र घालवतो. माझ्या नातवाने दोन रात्री घालवल्या. शेवटी चूक निघाली एका अॅरेत, यादीत नाव नसलेल्या फंक्शनमध्ये.

'अजित'चे नाव भाषणात अभिमानाने घ्यायचे, पण त्याची थप्पी कशी रचली जाते हे वर्गात फळ्यावर काढायचे नाही, हा कसला अभिमान? एक तास द्या, एक कोरा कागद द्या. पोरांना हाताने चार फ्रेम काढू द्या, मग डीबगर दाखवा. आणि मराठीत सांगा. ज्याला आपल्या भाषेत सांगता येत नाही, त्याला ते कळलेले नसते, हे चाळीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून शिकलो.

असो. नातवाने जाताना माझा थप्पीचा कागद मागून नेला. बोलला काही नाही.